डोक्याचं स्कॅन कधी कोणतं काढायचं आणि गोळी मेंदूत जाऊन नेमकं करते काय

मागच्या उन्हाळ्यात पारोळ्याकडचे एक आप्पा आले होते आमच्या सेंटरला, सोबत मुलगा आणि जावई. उजवा हात थरथरायचा, आणि थरथर पण कशी, अंगठा आणि बोट असे एकमेकांवर फिरायचे की लांबून वाटावं आप्पा तंबाखूच मळून राहिलेत. एमआरआय झाला, रिपोर्ट आला नॉर्मल, वयाप्रमाणे मेंदू जरासा आकसलेला एवढंच. मुलगा माझ्यावरच तापला, "इतला पैसा गया नि काहीच नही निंघनं?" आता मी काही डॉक्टर नाही, मशीन चालवणारा टेक्निशियन, जळगावात बारा वर्षं हेच करतोय, पण हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी ऐकावा लागतो म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

गंमत अशी की आप्पांच्या डॉक्टरला आजार आधीच समजला होता, कंपवात म्हंजे पार्किन्सन, हात धरून, चालायला लावून, कोपर वाकवून बघून. एमआरआय कशासाठी सांगितला तर दुसरं काही नाही ना, गाठ, बारीक लकवे, डोक्यात पाणी साठणं, ते बघायला. म्हंजे नॉर्मल रिपोर्ट ही चांगली बातमी होती. कंपवातात जी गडबड होते ती डोपामिन नावाच्या रसायनाची, आणि साध्या एमआरआयला डोपामिन दिसतच नाही. त्यामुळे पहिली गोष्ट ही करा, डॉक्टरने स्कॅन लिहून दिलं की तिथंच विचारा, "साहेब, यात काय शोधताय? आणि नॉर्मल आलं तर पुढं काय?" हे विचारायला लाजू नका. निम्मी चिडचिड तिथंच संपते.

आता कोणतं मशीन कशासाठी ते बघू.

सीटी म्हंजे एक्सरेच, फक्त चहूबाजूंनी फिरवून काढलेला आणि कॉम्प्युटरने जुळवलेला. 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा असा फोटो निघाला, ज्यांनी मशीन बनवलं त्या हाउन्सफील्डना 1979 चं नोबेल मिळालं, अॅलन कॉरमॅक यांच्या जोडीने. दोन-चार मिनिटांत काम होतं. ताजं रक्त सीटीवर पांढरं चमकतं, म्हणून अॅक्सिडेंट झाला, मोटरसायकलवरून पडला, किंवा लकवा मारला तर आधी सीटी. आणि लकव्याचं जरा नीट ऐका, तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोबडं बोलतोय, की घड्याळ बघायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण डोक्यात रक्तस्राव झालेला असेल तर तेच इंजेक्शन घात करेल, म्हणून ते देण्याआधी सीटी काढावाच लागतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून घाट उतरून नंदुरबारला यायचं तर त्यातला किती वेळ रस्त्यातच जातो ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. त्यात आधी कुठं तेल चोळायला नेलं की संपलं. उठून बघितलं तर लकवा मारलेला होता असं असेल तर "रात्री झोपताना चांगला होता" ही वेळ धरतात, ती लक्षात ठेवून सांगा.

सीटीत रेडिएशन लागतं हे खरं, डोक्याच्या एका सीटीला साधारण 2 मिलिसिव्हर्ट, म्हंजे वर्षभरात जमीन-आकाशातून आपल्याला तसंही जेवढं मिळतं त्याच्या जवळपास. गरज असेल तर घाबरू नका, आणि गरज नसताना "एकदा काढूनच टाका ना सीटी" म्हणून मागे लागू नका.

एमआरआयमध्ये रेडिएशन नाही, तिथं लोहचुंबक आहे. आमचं मशीन 1.5 टेस्लाचं, पृथ्वीच्या चुंबकापेक्षा तीस हजार पटीच्या आसपास ताकद. अंगातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याला हे चुंबक ओळीत उभं करतं, मग रेडिओ लहरीने टपली मारायची आणि तो परत जागेवर येताना जो सिग्नल देतो त्यातून चित्र. मऊ भाग, गाठ, जुनी जखम, नसांचं वेष्टण, हे सीटीपेक्षा फार छान दिसतं, पण वीस-तीस मिनिटं हलायचं नाही आणि आवाज म्हंजे डोक्याशी कोणी पत्रा ठोकून राहिलं असा.

इथं तयारीचं सांगतो कारण लोक इथंच गडबड करतात. हे चुंबक चोवीस तास चालू राहतं, फोटो काढत नसलो तरी. 2018 साली मुंबईत एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन गेलेल्या माणसाचा जीव गेला होता. तेव्हा आम्ही "खिसे रिकामे करा" म्हटलं की खरंच सगळे खिसे, बंडीचा चोरखिसा सुद्धा. एकदा एका बाबांच्या चोरखिशातून चुन्याची पत्र्याची डबी सुटली आणि सरळ मशीनला जाऊन चिकटली, बाबा म्हणे माझ्या लक्षातच नव्हती, बरं कोणाला लागली नाही. कमरेचा करदोडा, ताईत, कानातलं, केसातल्या पिना, जोडवी, सगळं काढायचं. चांदीला चुंबक ओढत नाही पण धातू गरम होऊ शकतो आणि चित्र खराब होतं. जोडवी निघतच नसतील तर आदल्या दिवशी घरी साबण-तेल लावून काढून ठेवा, इथं खोलीबाहेर बसून बाया बिचाऱ्या रडकुंडीला येतात. पेसमेकर, डोक्यात ऑपरेशनमध्ये बसवलेली क्लिप, कानात बसवलेलं मशीन, डोळ्यात कधी वेल्डिंगचा कण गेलेला, हे न विचारता सांगा. आणि कोंडल्यासारखं होत असेल तेही सांगा, हातात घंटीचा फुगा देतो आम्ही, दाबला की मी येतो.

फिट येत असतील तर ईईजी, म्हंजे डोक्यावर तारा चिकटवून मेंदूतली वीज टिपायची. 1924 मध्ये हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने माणसाच्या डोक्यावरून ही वीज पहिल्यांदा टिपली. केस धुवून, तेल न लावता जायचं. आणि झोपेची किंवा घबराटीची गोळी चालू असेल तर ती सांगा, कारण त्या गोळ्यांनी ईईजीत भराभर लहरी दिसायला लागतात. पण सांगा म्हंजे फक्त सांगा, स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका, फिटच्या गोळीचं तर नाहीच नाही.

आता आलं पेट (PET) स्कॅन. हेच ते मशीन ज्याला रसायन दिसतं. पेशंटला अगदी थोडं किरणोत्सर्गी औषध टोचतात, ते जिथं जाऊन बसतं तिथून पॉझिट्रॉन, म्हंजे इलेक्ट्रॉनचाच उलट्या भाराचा जुळा कण, निघतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघं संपतात आणि दोन गॅमा किरण बरोबर उलट दिशांना सुटतात, मशीन ते दोन्ही पकडतं आणि सांगतं की हे इथून आलं. जास्त वापरात आहे ती किरणोत्सर्गी साखर. मेंदू वजनाला शरीराच्या 2 टक्के आणि खातो 20 टक्के ऊर्जा, त्यामुळे कुठला भाग किती साखर ओढतो ते दिसतं. डिमेन्शियात, फिटच्या ऑपरेशनआधी त्याचा उपयोग होतो. उपाशीपोटी जायचं, शुगर वाढलेली चालत नाही.

आणि ही गोष्ट गावोगावी का नाही ते बघा, मला हा हिशोब करायला मजा येते. त्या साखरेतल्या फ्लोरिन-18 चं आयुष्य असं की दर 110 मिनिटांनी निम्मं संपतं. मुंबईहून गाडीने जळगाव आठ तास धरा, तर निघताना होतं त्याच्या जेमतेम 5 टक्के हातात येतं. पण डोपामिन बघायला रॅक्लोप्राइड नावाचं जे औषध वापरतात ते कार्बन-11 लावून, आणि तो दर 20 मिनिटांनी निम्मा होतो. आठ तासांत चोवीस वेळा निम्मा, म्हंजे पावणेदोन कोटीत एक भाग उरला. आपली रावेरची केळी ट्रकने दिल्लीला जातात, हा माल नशिराबादलाही जायचा नाही, बनवायचं मशीन दवाखान्याच्या शेजारीच लागतं.

आता गोळीकडे येऊ. कुठलीही गोळी, दारू, तंबाखू, कशाबद्दलही वाचलं की मी मनात चार प्रश्न विचारतो, तुम्हीही विचारत जा, व्हॉट्सअॅपवरचं निम्मं ज्ञान तिथंच गळतं.

पहिला प्रश्न, हे रक्तातून मेंदूत शिरतं का? आप्पांच्या घरच्यांना कोणीतरी मेसेज पाठवला होता की केळ्यात डोपामिन असतं, रोज सहा केळी द्या, हात थांबेल. आता केळ्यात डोपामिन असतं हे एकदम खरं, सालीत तर जास्तच, सेरोटोनिन पण असतं, इतकं की लघवीची एक सेरोटोनिनची टेस्ट राहते तिच्या आधी दोन-तीन दिवस केळी बंद करायला सांगतात. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांना घट्ट शिवण असते, वाटेल ते आत जाऊ देत नाही, आणि डोपामिन त्यातून जात नाही. तसं जात असतं तर केळी पिकवणारा अर्धा यावल तालुका बाराही महिने खुशीत राहिला असता. मग डॉक्टर देतात काय, तर लेव्होडोपा, डोपामिनच्या एक पायरी आधीचा पदार्थ. हा प्रोटीनच्या बारीक तुकड्यांसाठी जे दार आहे त्यातून आत शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन बनतं. आणि हाच लेव्होडोपा आपल्या सातपुड्यात वेलावर लोंबकळतो, खाजकुइलीच्या बियांमध्ये, 1937 मध्ये भारतातल्याच दोन संशोधकांनी त्या बियांतून तो वेगळा काढला होता. म्हणून उठून जंगलातल्या बिया खायच्या नाहीत हां, एका बीत किती ते कोणाला माहीत, वर डॉक्टरची गोळी चालू असली तर डोस डबल.

दुसरा प्रश्न, आत जाऊन बसतं कुठं? मेंदूत साधारण 86 अब्ज चेतापेशी आहेत, एक पेशी रसायन सोडते, दुसरीवर रिसेप्टर नावाच्या जागा असतात, तिथं ते जाऊन बसतं. अमळनेर-धुळे एसटी डोळ्यासमोर आणा. सीट म्हंजे रिसेप्टर, प्रवासी म्हंजे डोपामिन. आणि तिसरा प्रश्न लगेच त्याला जोडून, बसून काम करतं की नुसती जागा अडवतं? खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, रुमाल काही प्रवास करत नाही पण दुसऱ्याला बसू देत नाही. भ्रम-भास होणाऱ्या आजाराच्या बऱ्याच गोळ्या म्हंजे डोपामिनच्या सीटवर टाकलेला रुमाल. अफूच्या जातीची औषधं स्वतःच प्रवासी बनून बसतात. काही गोष्टी सीटला हातच लावत नाहीत, त्या रसायन परत उचलून नेणारी वाट बंद करतात, मोरीत बोळा कोंबल्यावर पाणी तुंबतं तसं. कोकेन डोपामिनची मोरी तुंबवतं, उदासीच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिनची.

इथं पेटने खरी कमाल केली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये लार्स फार्डे आणि मंडळींनी 1980 च्या दशकात काय केलं, भ्रम-भासाच्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटला ते चमकणारं रॅक्लोप्राइड टोचलं. ज्या सीटवर गोळीने आधीच रुमाल टाकलाय तिथं ते बसू शकत नाही, म्हंजे चित्र जेवढं मंद तेवढ्या सीट गोळीने धरल्या. मोजता आलं. पुढं अशाच मोजण्यांतून कळलं की बऱ्याच गोळ्यांचा गुण साधारण 65 टक्के सीट भरल्यावर येतो, आणि 80 टक्क्यांच्या वर गेलं की हातपाय कडक होणं, लाळ गळणं सुरू. म्हंजे त्याच्या वर डोस वाढवून फायदा काही नाही, त्रास तेवढा वाढतो. "डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या" म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे पाठ करावेत.

चौथा प्रश्न, बंद केल्यावर काय होईल? हा लोक विचारतच नाहीत. दारूचं बघा. ती मेंदूचा ब्रेक, गाबा म्हणतात त्याला, तो दाबून धरते आणि ग्लुटामेट नावाचा अॅक्सिलरेटर कमी करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू मग सवय करून घेतो, ब्रेक सैल करतो आणि अॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. अशा माणसाने देवाची शपथ घेऊन एका रात्रीत सोडली की गाडी सुसाट सुटते, हात थरथरतात, फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेले किडे-माणसं दिसायला लागतात. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं आणि भगताकडे नेतात. हे बाहेरचं काही नाही, आणि यात माणूस दगावतो. भरपूर आणि रोज पिणाऱ्याने सोडायचीच, पण डॉक्टरला सांगून. बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शनही लागतं, त्याची कमी झाली तर आठवण कायमची जाऊ शकते.

मालेगाव-धुळ्याकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलाम पण हाच ब्रेक दाबते. डॉक्टरच्या हाताखाली, ठरवलेल्या दिवसांपुरती ती चांगलं औषध आहे. पण दारूवर घेतली तर श्वासाचाही ब्रेक लागतो, आणि सवय लागल्यावर एकदम तोडली तर फिट. उदासीच्या गोळीचं उलट, ती मोरी काही तासांत बंद करते पण मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, लोक आठव्या दिवशी "गुण नाही" म्हणून फेकतात. फक्त सेरोटोनिन कमी पडतं म्हणून उदासी येते इतकं ते सरळ नाही, तसं असतं तर संध्याकाळपर्यंत फरक पडला असता. घरात कोणाला असला त्रास असेल आणि कुठं जावं कळत नसेल तर 14416 हा सरकारी टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

हातभट्टीत मिथेनॉल, म्हंजे विषारी अल्कोहोल, निघालं तर मात्र ते स्कॅनमध्ये दिसतं. डोळे जातात, आणि मेंदूच्या आत पुटामेन नावाच्या भागाला दोन्ही बाजूंनी सारखी इजा झालेली दिसते. ते चित्र एकदा बघितलं की विसरत नाही माणूस.

आणि कपाशीवाल्यांसाठी एक. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची फवारणी हे पण मेंदू-नसांचं रसायनच आहे. अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन काम झाल्यावर तोडणारा एक एन्झाइम असतो, हे औषध त्याला बांधून टाकतं. मग लाळ, घाम, बारीक बाहुल्या, अंगाच्या नसा उडणं, श्वास अडकणं. इथं स्कॅनच्या मागे लागायचं नाही, सरळ दवाखाना, कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि औषधाचा डबा सोबत न्यायचा. तिथं अॅट्रोपिन देतात, धोतऱ्यात असतं तेच, ते अॅसिटिलकोलीनच्या सीटवर रुमाल टाकतं. आणि विसरभोळ्या म्हाताऱ्यांना देतात ती डोनेपेझिल त्याच एन्झाइमला हलक्या हाताने, सुटेल असं धरते. जागा एकच, एकीकडे विष आणि एकीकडे औषध.

पेपरात रंगीत मेंदू येतात, "प्रेमात पडल्यावर हा भाग पेटतो" वगैरे, त्याबद्दलही थोडं सांगतो. तो फंक्शनल एमआरआय, 1990 मध्ये सेइजी ओगावांनी त्याचा पाया घातला. तो विचार मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतो, तो पण पाच-सहा सेकंद उशिरा आणि एखाद-दोन टक्क्यांचा. लाल-पिवळा रंग नंतर कॉम्प्युटरने भरलेला राहतो. नुसत्या चहा-कॉफीने मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो आणि चित्र बदलतं. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि सोबत्यांनी मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि साध्या हिशोबाने त्याच्याही डोक्यात एक ठिपका पेटलेला निघाला! हिशोब नीट केला तर गेला. तेव्हा असा फोटो दिसला की आधी विचारा किती माणसं तपासली आणि कशाशी तुलना केली.

आप्पांचं राहिलं. गोळी सुरू झाली, आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि मग मुलगा परत म्हणे गुण कमी पडतो. डॉक्टरने विचारलं गोळी कधी देता, तर सकाळी ग्लासभर दुधासोबत आणि दुपारी वरण-भात खाऊन लगेच. आता ते दार आठवा, प्रोटीनच्या तुकड्यांचं. दूध-वरणाची गर्दी तिथं आधीच उभी, लेव्होडोपाला शिरायला जागाच नाही. वेळ बदलून दिली, खाण्याच्या अर्धा तास आधी पाण्यासोबत, आणि मळमळ झालीच तर एखादं बिस्किट. केळी पण चालू आहेत, पण आता ती भुकेसाठी.

आणि हो, फॉलोअपला येताना जुन्या फिल्म आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या दोन्ही आणा, "ती पांढरी गोळी" सांगून आम्हाला काही कळत नाही. फिल्म गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत ती पार काळी पडते आणि मग परत मशीनमध्ये झोपायची वेळ येते.